वरच्या तुकड्यातली नाचणी

करिश्मा,

तुझा नवरा पीकविमा भरताना मला, स्वतःच्या आईला, कधी विचारतो का? दरवर्षी मोबाइलवर मागचंच उतरवतो आणि मोकळा होतो. काल तू पावती वाचून दाखवलीस म्हणून कळलं, सगळ्या शेताला भात लिहून बसलाय. अगं, वरच्या तुकड्यात यंदा नाचणी आहे! तिथे पाणी ठरत नाही म्हणून मीच लावली. उद्या पीक गेलं तर विमावाले म्हणतील, नाचणीचा विमाच नाही, जा घरी. बिल्डरच्या माणसाशी तासभर बोलायला साहेबांना वेळ आहे, बांधावर यायला नाही.

विम्याच्या अर्जात दुरुस्तीचा आज शेवटचा दिवस. सातबारा घेऊन मी टिटवाळ्याच्या सेवा केंद्रावर चाललेय. गुडघ्याचं विचारू नको, तो माझ्याबरोबरच येतोय. फोन लागला नाही तर गाव गोळा करू नका. डाळ शिजवून ठेवलीय, फोडणी तेवढी दे.

हर्षित उठला की पुढचं त्याच्या तोंडावर मोठ्याने वाच, लाजू नको.

हर्षित, शेतात काय उभं आहे हेच तुला ठाऊक नाही. मग ते शेत बिल्डरला विकायला तू कोण रे?