दाराखालची फुली

सलमाबाद, गुरुवार, नोव्हेंबर १९८२

आज जेवण गेलं नाही.

दत्तूमिस्त्रींनी मला सुतारकाम शिकवलं. इथे आखातातल्या आमच्या वर्कशॉपात दार करणाऱ्याने खालच्या कडेला पेन्सिलीने आपली खूण करायची असते. माझं दार वाकडं झालं की मिस्त्री त्यावर स्वतःची फुली मारायचे आणि माझ्या वाटची बोलणी खायचे.

आज त्यांचंच दार वाकडं निघालं. नजर अधू झालीय त्यांची. खूण व्हायच्या आतच फोरमन आला. "किसका है?"

पेन्सिल माझ्या कानावर होती. माझी खूण करायला कितीसा वेळ लागला असता? मी म्हणालो, "मिस्त्री का."

"खलास. इसको घर भेजो."

मिस्त्रींनी हात पुढे केला. "दे रे बाबू, पेन्सिल." वाकून फुली मारली आणि पेन्सिल पुन्हा माझ्या कानावर ठेवली.

हे पेनने लिहितोय. पेन्सिल अजून कानावरच आहे.