कॅलेंडरच्या कव्हरातला हेर

३ मार्च
...आणि तरीही पुस्तक लायब्ररीत परत केलं नाही. लेखक पेपरात लिहितो, गिरणी कामगारांना फुकट घरं कशाला? माझे बाबा बावीस वर्षं गिरणीत होते, घराच्या सोडतीत अजून नंबर नाही. असा माणूस हेरकथा एवढी भारी कशी लिहितो यार? ऐंशी पानं एका दमात. मराठीत माझा रेकॉर्ड! बाबांना लेखकाचं नाव दिसू नये म्हणून जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलंय.

५ मार्च
इंग्लिश मीडियमची कृपा, दर पानाला शब्द अडतो. बाबांना विचारलं, "फितूर म्हणजे?"
"आपल्यातलोच, पण त्यांका मिळालेलो. आमच्या गिरणीत पण होते दोघे." मग हळूच, "कोण झालो फितूर? वाच बघू."
वाचलं. चहा गार झाला त्यांचा.

६ मार्च
बाबा लालबागहून आले. चपला पायातच. "काय गो, तो हेर बोटीतसून सुटलो?"

८ मार्च
पुस्तक घरी विसरले. आई म्हणाली, "तुझो बापूस पुस्तक सोडून जेवूक पण उठलो नाय." कव्हर घातलं, पण आत पहिल्या पानावर पण नाव असतं हे डोक्यातच नाही! लकीली, बाबांनी खुणेपासूनच उघडलं होतं.

९ मार्च
वाट लागली. फितूर निघाला युनियनचा पुढारी. पान गाळू? नाही गाळलं.
बाबा म्हणाले, "चुकीचा लिवल्यान. गिरणीच्या गेटवरची मीटिंग अशी नसता." मग, "पुढे वाच."

१० मार्च
तीस पानं उरलीत. बाबांनी पोस्टकार्ड आणलंय. "माणूस बरो लिवता. मीटिंग कशी असता ता कळवूया त्याका. नाव सांग."
"उद्या सांगते," म्हटलं. टरकले.

११ मार्च
सांगितलं. कव्हर पण काढलं.
"आमका फुकटे म्हणता, तो?"
"हो."
"आणि तू लपयलंस."
"सॉरी, बाबा."
बाबा चष्मा लावून बसले आणि लिहिलं: 'आपली कादंबरी आवडली.' तिथेच पेन थांबलंय. पोस्टकार्ड फाडलं नाही, पेटीत टाकलं पण नाही. पुस्तक त्यांच्याच मांडीवर आहे.
पुढच्या ओळीत काय लिहावं त्यांनी? तुम्हाला काय वाटतं?