पोटातलं संत्रं अन् आठची बस

हुडकेश्वर, नागपूर
मंगळवार

चि. सौ. लतिका, थोरल्या जावेचे आशीर्वाद घे. नको असतील तर देव्हाऱ्याजवळ ठेव, पण वापस पाठवू नको. तुझी कंबर कशी आहे? बगीच्याले पाणी पुरते का? इकडे सारे मजेत आहेत, एक मी सोडून. फोनच केला असता, पण नथीच्या भांडणापासून तू तीन वर्षं माझा नंबर बंद करून ठेवला, म्हणून आमच्या अमोलच्या हातून पत्र पाठवून राहिली. (पोरगं उपाशी येईल, जेवू घाल. त्याच्याशी तर भांडण नाही ना?)

तर सहा महिन्यांपासून माझं पोट फुगून राहिलं. दोन घास खाल्ले की गळ्यापर्यंत भरते, उजवीकडे खाली दुखते, अन् घडीघडी बाथरूम. आमचे हे म्हणे, ग्यास आहे. त्यांले पाय मुरगळला तरी ग्यासच दिसते. ओवा खाल्ला, हिंग लावला. शेजारची इंदुताई तर सत्तेचाळीसाव्या वर्षी मले हळूच विचारते, काही गोड बातमी आहे का वं! तिले काय म्हटलं ते लिहीत नाही, पत्र अमोल नेऊन राहिला. शेवटी डॉक्टरीणबाईकडे गेली, तर म्हणे सोनोग्राफी करा, चार गिलास पाणी पिऊन या अन् लघवी रोखून धरा. मी मनात तिले म्हटलं, रोखता आली असती तर तुझ्या दारी काहून आली असती, बाई? तरी रोखली. माझ्याअगोदर अकरा बाया, साऱ्या पाय आवळून बसलेल्या. कोणी हसेना, कोणी शिंकेना. नंबर आला तर मशीनवाला पोट दाबून म्हणे, ढिलं सोडा. मी म्हटलं, सोडते, पण मंग फरशी तू पुसजो.

निघालं काय, तर अंडाशयावर पाण्याची गाठ. डॉक्टरीणबाई म्हणे, संत्र्याएवढी. मी विचारलं, अंबिया बहाराच्या का मृगाच्या? (काटोलच्या बगीच्यातली जाऊ असल्यावर एवढं तर विचारावंच लागते.) ती हसली अन् म्हणे, साधीच दिसते, पण काढून तपासल्यावर पक्कं सांगीन. ते "दिसते" मले आवडलं नाही. तेव्हापासून रोज पोळ्या करपून राहिल्या.

येत्या सोमवारी ऑपरेशन. सकाळी पाण्याचा थेंब नाही, नखांची लाली पुसायची (मी कधी लावली होती?), अन् अंगावरचं सोनं काढून घरच्या माणसाजवळ द्यायचं. ह्यांच्याजवळ दिलं तर शर्टाच्या खिशात राहील अन् शर्ट बादलीत. आमची लेक मिनल पुण्यात बाळंतीण. रात्री बायकांच्या वॉर्डात पुरुषमाणसाले थांबू देत नाहीत. पण तू काळजी करू नको. यायची काही गरज नाही.

तुझी थोरली जाऊ,
गोपिका

ता. क. रविवारी काटोलहून आठची बस आहे. विचारून ठेवली.

ता. क. दुसरा. मंगळसूत्र मी तुझ्याच हाती देईन, दुसऱ्या कोणाच्या नाही. मणी मोजून ठेवले आहेत. सवय आहे, मनाले लावून घेऊ नको.

ता. क. तिसरा. तुझ्या पिंकीच्या लग्नात जी नथ तू चोरली म्हणून मी चार लोकांत बोलली, ती दोन वर्षांआधीच सापडली. शेवयांच्या डब्यात. मीच ठेवली होती. आता डॉक्टरीणबाईनं सांगितलं आहे, टाके सुकेपर्यंत जोरानं बोलायचं नाही. म्हणजे आठ दिवस तू बोलशील अन् मी गुपचूप ऐकीन. असा मौका तुले परत भेटणार नाही वं, बस चुकवू नको.