घरचा हात, बाहेरची मान

ती. दादास,

कात्री बाजूला ठेवून, हात धुऊन, धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतोस, की वहिनी बघत असतील तेवढाच करतोस? आमच्याकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर दोघी खुशाल आहेत आणि मी आपला आहे. तू म्हणशील, शहराच्या एका टोकाला तुझं सलून, दुसऱ्या टोकाला माझं, मग हा गडी पत्र काय लिहीत बसलाय, फोन कर की. पण तुमच्याकडे फोन वहिनी उचलतात, स्पीकरवर टाकतात आणि भांडी घासता घासता मध्ये मध्ये मलाच सुनावतात. आणि आमच्याकडे भिंतींना कान आहेत, त्यातले दोन सतरा वर्षांचे आहेत. तेव्हा पत्रच बरं. घाबरू नकोस, मला काही मागायचं नाही, नुसतं मन मोकळं करायचं आहे.

तर बातमी अशी, की आपल्या बारकीला मित्र मिळाला आहे. मित्र म्हणजे तसला मित्र. (वहिनींना सांगताना बसवून सांग.) कॉलेजात तिच्याच वर्गात आहे. हे तिने स्वतः होऊन, जेवताना, मीठ मागावं तसं सांगितलं. माझा घास अडकला. मी तोंड उघडणार तेवढ्यात टेबलाखालून तिच्या आईची लाथ बसली. बाई दिवसभर औषधाच्या दुकानात उभी राहून लोकांना कुठली गोळी कधी घ्यायची ते सांगते, त्यामुळे मला कितीचा डोस लागतो ते तिला बरोबर कळतं. मग मायलेकींनी मिळून मला अटी घातल्या. बारकी सगळं आपणहून सांगेल. तिने विचारल्याशिवाय मी सल्ला द्यायचा नाही. आणि त्या मुलाला भेटायला, बघायला, सहज म्हणून त्याच्या वाटेवर उभं राहायला जायचं नाही. मी कबूल केलं. काय करणार, तोंडात घास होता. दादा, तूच सांग, गिऱ्हाइकाने मान खाली घातली की आपलं तोंड उघडतं, हे अण्णांनी आपल्याला कात्रीबरोबरच शिकवलंय, आणि या बायका मला सांगतात गप्प बस. असो. तिने मोबाइलवर फोटो दाखवला. त्यात चेहरा कमी आणि केस जास्त होते, आणि ते कोणी कापले होते देव जाणे, एक बाजू पूर्वेला आणि एक पश्चिमेला.

आता पुढचं नीट वाच, कारण घरात माझी बाजू कोणी ऐकून घेत नाही. मी गेलो नाही. तो आला! एके दुपारी दुकानाचं दार ढकलून, फोटोतले तेच केस घेऊन तो आत आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, काका, जरा बारीक करा. मी कुठल्या अटीत म्हटलं होतं की आलेलं गिऱ्हाईक परत पाठवीन? दुकानावर माझं नाव नाही, घर इथून लांब, त्याला बिचाऱ्याला मी कोण हे ठाऊक असायचं कारण नाही. मी कापड अंगावर टाकलं, पाणी मारलं, केस बाजूला केले आणि बघतो तर काय. डोक्यावर दोन भोवरे! आपली आई काय सांगायची आठवतंय ना? दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं. म्हणजे हा पोरगा माझ्या मुलीला सोडून दुसरीशी लग्न करणार हे तिथे केसांत लिहून ठेवलेलं, आणि मी त्यावर फणी फिरवतोय. (पहिलंच लग्न अजून झालेलं नाही आणि माझ्या हयातीत लवकर होणारही नाही हे मला मान्य आहे, पण तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं.) मनातल्या मनात मी त्याचं नाव भोवरा ठेवून टाकलं.

बरं, मी काही विचारलं का? मी फक्त म्हटलं, काय, परीक्षा वगैरे? एवढ्यावर भोवऱ्याने सगळं ओकलं. एक मुलगी आहे, फार छान आहे, पण सारखी चिडते, का चिडते कळत नाही. मी विचारलं, वेळेवर जातोस का? तर म्हणे दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे होतात. अरे, जी मुलगी जन्माला यायची सुद्धा तारखेच्या आधी आली, तिला तू ताटकळत ठेवतोस? पण हे बोलता येईना. मग मी म्हटलं, बाबा रे, मुलींना वाट बघायला आवडत नाही. तिथून जी माझी जीभ सुटली ती सुटलीच. मुलींना फुलं देऊ नयेत, शिंका येतात. (सगळ्याच मुलींना, काका? बऱ्याच.) मुलींच्या डावीकडून चालावं, कारण मुलींची बॅग उजव्या खांद्यावर असते. सिनेमाच्या शेवटी मुली रडतात आणि रडले नाही म्हणतात, तेव्हा हो म्हणावं आणि रुमाल द्यावा. बारकीच्या एकेका खोडीचा मी जगातल्या तमाम मुलींना लागू होणारा नियम करून टाकला, आणि पोरगा पाठ करत गेला.

आणि दादा, गुण आला की रे! बारकी घरी येऊन आईला सांगायला लागली, की तो किती बदललाय, किती समजून घेतो, न सांगता त्याला कळतं. मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र उलटं धरून ऐकायचो. कौतुक त्याचं चाललेलं आणि छाती माझी फुगायची. तिच्या आईला मात्र वास आला. ती म्हणाली, एवढ्याशा पोराला हे कसं कळतं? मी इतकी वर्षं सांगतेय की मला ताटकळत ठेवू नकोस, ते अजून याच्या डोक्यात शिरलेलं नाही. मी लगेच नळ चालू राहिलाय म्हणून उठून गेलो. तिकडे भोवऱ्याला सल्ल्याची अशी चटक लागली की चार दिवस झाले की हा पुन्हा खुर्चीत हजर. कापायला काही उरलंच नाही. नुसती हवेत कात्री वाजवायची आणि बोलायचं. बारकी घरी म्हणायची, त्याचे केस दर आठवड्याला कमी का होतायत, काही आजार नाही ना?

मग तो दिवस आला. मी त्याचे कल्ले करत होतो, हातात वस्तरा. (मिशीचं विचारू नकोस, मिशीची नुसती अफवा आहे.) आणि त्याने आरशात माझ्याकडे बघून विचारलं, काका, मुलीला किस कधी करावं?

उजवा कल्ला उडाला. बरोबरी करायला डावा वर घेतला, तो जरा जास्तच वर गेला, म्हणून पुन्हा उजवा, असं करत दोन्ही कल्ले कानाच्या वर जाऊन बसले. पहिल्यांदा मी म्हटलं, तिशी उलटल्यावर. तो हसला, त्याला वाटलं मी विनोद करतोय. मग मी आरशात त्याच्याकडे नीट बघितलं. ओठ चावत बसला होता रे. खरंच घाबरला होता, आणि विचारायला त्याला दुसरं कोणी नव्हतं. आणि मी नाही सांगितलं तर सांगायला कॉलेजातली टवाळ पोरं आहेतच. मग मी वस्तरा खाली ठेवला आणि खरं ते सांगितलं. म्हटलं, विचारून. आणि ती नाही म्हणाली तर तोंड पाडायचं नाही, पुन्हा पुन्हा विचारायचं नाही, आधी जशा गप्पा चालल्या होत्या तशाच पुढे चालू ठेवायच्या. स्वतःच्या घराची कडी स्वतःच्या हाताने काढून दिली मी, दुसऱ्याच्या पोराला. त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

आता सत्यानाश कसा झाला ते ऐक. तुला अण्णांचा मानेवरचा घाट माहीत आहे. मागे मानेवर केस संपतात तिथे सरळ रेघ न मारता मधोमध किंचित आत घ्यायचं, होडीच्या बुडासारखं. ते आता जगात आपल्या दोघांच्याच हाताला येतं, आणि मी चांगल्या मानेवर ते केल्याशिवाय राहू शकत नाही. आणि बारकी कोण? लहानपणी रस्त्याने जाताना पुढच्या माणसाची मान बघून सांगायची, बाबा, हा तुझा, हा मोठ्या काकांचा. (तुझा घाट डावीकडे झुकतो, हेही तिनेच दाखवलं होतं.) भोवरा बुटाची नाडी बांधायला खाली वाकला आणि त्याच्या मानेवर तिला आपलं घराणं दिसलं. कुठे कापतोस विचारल्यावर त्या भोळसटाने पत्ता तर सांगितलाच, वर म्हणाला, ते काका भारी आहेत, त्यांनीच मला सगळं शिकवलं.

ती तशीच दुकानात आली. खुर्चीत एक वयस्क गिऱ्हाईक तोंडभर फेस लावून बसलेलं, त्याच्यादेखत माझी बिनपाण्याने हजामत झाली. म्हणाली, त्याला दुकान कुठे आहे ते मी मुद्दाम सांगितलं नव्हतं, कारण खुर्चीत बसलेल्या माणसाकडून तू सगळं काढून घेतोस हे मला माहीत होतं. मी म्हटलं, अगं, पण तुझ्या भल्यासाठीच. त्यावर ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "बाबा, मला जो आवडायला लागला, त्यातलं त्याचं काय आणि तुझं काय, आता मला कसं कळणार?" एवढंच म्हणाली आणि गेली. दादा, मी आपला आधीच फेस लावलेल्या गालावर पुन्हा फेस लावायला लागलो. फेसवाले गृहस्थ मात्र म्हणाले, मुलगी बरोबर बोलतेय.

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते आणि माझ्याकडून केस कापून घेत नाही. तुला यातलं दुःख कळेल, वहिनींना कळणार नाही. खुर्चीच्या हातांवर फळी टाकून बसायची तेव्हापासून तिचे केस मी कापतो, रविवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी. आणि तिथे बसली की ती बोलायची. दात पडला ते, गणितात नापास झाली ते, मैत्रिणीशी भांडली ते, सगळं मला त्या खुर्चीतूनच कळलं. आता केस डोळ्यांत येतात, पिना लावते, पण माझ्यापुढे मान करत नाही. परवा तर तिने घरातल्या, धागे तोडायच्या कात्रीने पुढचे केस स्वतःच कापले. दादा, पायऱ्या! कपाळावर पायऱ्या पडल्यात! मला जेवण जात नाही. तिची आई म्हणाली, छान दिसतायत. इतकी खोटी बाई मी पाहिली नाही.

शेवटी तिच्या आईने मध्यस्थी केली. बारकीने भोवऱ्याला सांगितलं, काकांनी शिकवलेलं सगळं विसर. आता तो उशिरा येतो, उजवीकडून चालतो, बॅगेला धडकतो. परवा फुलं घेऊन आला, आणि ती संध्याकाळभर शिंकत होती. शिंकत शिंकत हसत होती रे. मला आता काहीच कळेनासं झालंय. भोवऱ्याने माझ्या दुकानाची पायरी चढायची नाही असं ठरलंय. केस वाढले की तो तुझ्याकडे येईल. हे बारकीनेच सुचवलं, म्हणाली मोठे काका कामापुरतं बोलतात. मी धडा शिकलो, दादा. मुलं आपली वाट आपण शोधतात, आपण फक्त दार उघडं ठेवायचं आणि तोंड बंद. यापुढे मी या भानगडीत पडणार नाही. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला जप.

तुझा,
तोंडाला कुलूप लावलेला धाकटा

ता. क. भोवरा आला की गर्दीत बसवू नकोस, दुपारी बसव, दुपारी माणूस बोलतो. तू काही विचारू नकोस. फक्त एवढंच विचार, की त्याने तिला विचारलं का. आणि ती काय म्हणाली. बस्स. सल्ला मुळीच देऊ नकोस. (अगदीच राहवलं नाही तर फुलांचं तेवढं सांग.) आणि मला लगेच कळव, पत्राने, दुकानाच्या पत्त्यावर.

आणखी ता. क. भोवरे पुन्हा एकदा नीट बघ. कदाचित एकच असेल.

आणखी एक. पाकिटावर पत्ता बारकीने घातलाय, माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही. पेटीत पण तीच टाकणार आहे. तिला सांगितलं, काकांच्या गुडघ्याची चौकशी आहे. काही संशय आला नाही.

मोठे काका, मी बारकी. डिंक नीट लागला नव्हता. (लागला असता तरी किटलीची वाफ आहेच.) तो शनिवारी येईल. त्याचे केस चांगले कापा आणि तुमचा घाट द्या, डावीकडे झुकला तरी चालेल. त्याने विचारलं. मी काय म्हटलं, ते तुम्हा दोघा भावांपैकी एकालाही कळणार नाही. त्यालाही बजावून ठेवलंय. भोवऱ्यांचं म्हणाल तर बाबाच्या डोक्यावरही दोन आहेत. आता केस विरळ झालेत, तो जेवायला बसला की मला मागून स्पष्ट दिसतात. इतकी वर्षं तुम्हीच त्याचे केस कापता, कधी बोलला नाहीत? आईला सांगितलं तर ती म्हणाली, मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे.

रविवारी सकाळी मी जाऊन त्याच्या खुर्चीत बसणार आहे. पायऱ्या त्याने काढायच्या, आणि होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, ही अट. त्याला आधी सांगू नका. तुम्हाला काय वाटतं, जमेल त्याला? नाही जमलं तरी मी उठणार नाहीये. पण हे तर त्याला अजिबात सांगू नका.