जागच्या जागी थांबलेला वायू

स्टॉकहोम, मार्च १९८४

प्रिय बाबा,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुम्ही दिलेलं वाळवलेलं मांस अजून पुरवून खातेय. आईचा खोकला कसा आहे?

अग्निबाण वर जाऊन वायूचा झोत सोडेल आणि नुसत्या वेगाने त्या वायूचे इलेक्ट्रॉन सुटे होतील, असं माझं संगणकावरचं गणित सांगत होतं. त्याच भरवशावर मी तुम्हाला अग्निबाण पडायच्या रानातून रेनडिअरचा कळप हलवायला लावला.

काल पडताळा म्हणून मी झोताचा वेग शून्य धरला. वायू जागचा हलला नाही, तरी इलेक्ट्रॉन सुटतच राहिले. गणितासाठी जागेचे चौकोन पाडतात, ती जाळी मी फार विरळ ठेवली होती, त्यामुळे नुसत्या गणिताच्या चुकीने इलेक्ट्रॉन आपोआप तापत होते. झोताने काहीच केलं नव्हतं, बाबा.

प्राध्यापक लिंडवालना सांगितलं, तर म्हणाले, "अग्निबाण उभा आहे. आता तुझं गणित कोण मागतंय?"

आभाळ निवळेपर्यंत तो सुटणार नाही, आणि तो सुटेपर्यंत तुम्हाला मागे फिरता येणार नाही. यौनादादाने कळवलंय, नव्या रानात हिमावर पाऊस पडून तो गोठलाय, वर बर्फाचा कडक थर धरलाय, जनावरांचे खूर खालच्या चाऱ्यापर्यंत पोचत नाहीत. निल्लासकाका म्हणतात म्हणे, "पोरगी आभाळ शिकली आणि जनावरं उपाशी ठेवली." त्यांना काही बोलू नका.

कळपात जनावरं किती, हे आपल्या लोकांत कुणी कुणाला विचारत नाही. लहानपणी एकदा विचारलं म्हणून तुम्ही मला मारलं होतं.

आज विचारते, बाबा. किती उरलीत?

तुमचीच,
रिस्तेन