न घ्यायचं नाव

हेझलक्लू, ता. ६ मार्च १९०४

चि. लिअँडर यास ट्रेनिटताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, चहाची पुडीही मिळाली. घोडी व्याली. शिंगरू तुझ्यासारखंच हट्टी आहे, पहिल्या दिवसापासून लाथा झाडतंय.

आता मुद्द्याचं. जमीनदारांचा नवा कारभारी प्रिंगल परवा आपल्या दारी येऊन गेला. डोक्यावरची टोपी काही काढली नाही. म्हणाला, हे घर जिप्सींच्या राजघराण्याला बिनभाड्याचं दिलंय असं सगळं गाव म्हणतं, पण कागद कुठे आहे? मी म्हटलं, जमीनदारसाहेबांच्या पणजोबांनी शब्द दिला होता. तर म्हणे, मग निदान मुकुट दाखव. मी म्हटलं, आई गेली तेव्हा लोहाराकडून चेपून घेतला आणि तिच्याबरोबर पुरला. आणि तिचं खोगीर? ते जाळलं. प्रिंगल माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी चोरीच कबूल करतेय. गेलेल्या माणसाच्या वस्तू आपण घरात ठेवत नाही, हे त्याला कोण समजावणार?

शेवटी त्याने अट घातली. मे महिन्यात भाडेकरूंनी घरं खाली करायच्या दिवशी, शाळेत सगळ्या गावासमोर, या घरात राहिलेल्या राजाराण्यांची नावं मी सांगायची. आपल्या पणजोबांपासून आईपर्यंत. सांगितली तर घर राहील, नाहीतर दोन्ही खोल्या आर्ची मेंढपाळाला.

गेलेल्याचं नाव आपल्यात घेत नाहीत. मी घेणार नाही. आणि घरही सोडणार नाही. सीमेच्या अलीकडची-पलीकडची आपली माणसं भांडणं घेऊन याच उंबऱ्यावर येतात. गेल्याच आठवड्यात कुठल्या वाडीवर कोणी मडकी विकायची यावरून दोन कुटुंबं हातघाईवर आली होती, ती इथे बसून एका किटलीतला चहा पिऊन गेली. मी इथून उठले तर ती कुठे जाणार?

मार्जरीला आणि पोरीला आशीर्वाद. ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई
ट्रेनिट

न्यूकॅसल, ता. १५ मार्च १९०४

ती. राणीसरकार ट्रेनिटताईंच्या चरणी लिअँडरचा शि. सा. न. वि. वि.

हुकूम वाचला. सरकार, राज्य दोन खोल्यांचं आणि तोरा केवढा तो!

चेष्टा पुरे. ताई, नावं सांगून टाक. हिवाळ्यात तुझी छाती कशी भरते ते मी बघितलंय. या वयात घोडागाडीत झोपणार आहेस का? इथे दर रविवारी चर्चमध्ये मेलेल्यांची नावं वाचतात, कुणाचं काही बिघडत नाही. आईला खारवलेले हेरिंग मासे आवडायचे म्हणून ती गेल्यापासून मी ते तोंडात घातलेले नाहीत. मार्जरी हसते. पण ते माझं आणि माझ्या जिभेचं. त्यापायी घर घालवायचं, हे काही मला पटत नाही. आई असती तर तिनेच तुला दोन शब्द सुनावले असते.

तुला जमत नसेल तर मी लिहून प्रिंगलला धाडतो. मीही तिचाच मुलगा आहे.

रागावलीस तरी चालेल, पण पत्र पाठव. लोभ आहेच, तो वाढव.

तुझा
लिअँडर

हेझलक्लू, ता. २० मार्च १९०४

चि. लिअँडर यास आशीर्वाद.

आई काय बोलली असती ते मला शिकवू नकोस. तिने तिच्या आईचं नाव मरेपर्यंत घेतलं नाही. तू लिहून धाडलंस तर पुन्हा माझ्या दारात उभा राहू नकोस. दार या घराचं असो की गाडीचं.

छातीला मोहरीचा लेप लावते आहे. काळजी नसावी.

ट्रेनिट

न्यूकॅसल, ता. २ मे १९०४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण लाज वाटत होती. तुझं पत्र आल्यावरही मी कागद घेऊन बसलो होतो. पणजोबांचं नाव लिहिलं, आजीचं लिहिलं. आईच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं आणि हात पुढे जाईना. मार्जरी म्हणाली, घाम का फुटलाय तुला? कागद चुलीत टाकला. पोरीला आईचं नाव ठेवलंय, पण आई गेल्यापासून आम्ही पोरीला ‘पाखरू’च म्हणतो. शाळेत बाई खऱ्या नावाने हाक मारतात तेव्हा मी दारातच थबकतो. मी कुठल्या तोंडाने तुला शहाणपण शिकवत होतो?

त्या दिवशी सुटी मिळत नाही. पण महिनाअखेर गाडी घेऊन येतो. आमच्या मागच्या खोलीत तुझा पलंग मांडून ठेवलाय. घर गेलं तर इथे ये. नाव घेऊ नकोस.

या मूर्खाला पदरात घे.

तुझा
लिअँडर

हेझलक्लू, ता. २९ मे १९०४

चि. लिअँडर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

गाडी आणू नकोस.

शाळा खच्चून भरली होती. प्रिंगलने विचारलं, मी उभी राहून सांगितलं की नावं घेणार नाही आणि घरही सोडणार नाही. लोक हसले. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मग तो म्हणाला, ठीक आहे, खोल्या आर्चीच्या.

आर्ची उठला. वाटलं, किल्ली घ्यायला निघाला. तर तो म्हणाला, हिच्या लोकांत गेलेल्याचं नाव घेणं चालत नाही, पण आमच्यात चालतं. आणि त्याने पणजोबांचं नाव घेतलं. त्यांनी त्याच्या बापाची लंगडी घोडी बरी केली होती म्हणे. मग लोहाराने आजीचं नाव घेतलं. ज्याला त्याला काहीतरी आठवत होतं. प्रिंगल म्हणाला, हिने स्वतः सांगायचं होतं. आर्चीने विचारलं, गाव खोटं बोलतंय का? आणि त्या खोल्या मला नकोत, असंही वर सुनावलं.

शेवटी आईवर गाडी अडली. उठली कोण, तर शेजारच्या लेडलॉंकडची म्हातारी. कोंबडीवरून आईशी जन्मभर भांडलेली. काठी आपटून तिने आईचं नाव घेतलं, चांगलं मोठ्याने, शिवी द्यावी तसं. म्हणाली, तशी बाई पुन्हा होणार नाही.

प्रिंगलने सगळं लिहून घेतलं. घर राहिलं.

तुला एक सांगते, कुणाला बोलू नकोस. म्हातारीने तोंड उघडलं तेव्हा मी कान झाकायला हवे होते. हात वर गेलेच नाहीत. किती गोड नाव होतं रे तिचं. विसरून गेले होते मी.

असाच जीव लावत राहा.

तुझी ताई
ट्रेनिट