रुद्रभूमीच्या कमानीवरचं तिसरं नाव

॥ श्री वैद्यनाथ प्रसन्न ॥

केज, मार्गशीर्ष वद्य ४, शके १८४३

ति. स्व. सौ. उमाक्कास वैजिनाथाचा शरणार्थ, वि. वि.

परवा सोमवारी सकाळी लिंगपूजा आटोपून मी रुद्रभूमीकडे गेलो आणि नव्या कमानीखाली बराच वेळ उभा राहिलो. जर्मनच्या लढाईला गेलेल्या आपल्या पेठेतल्या तीन पोरांची आठवण म्हणून पंचांनी ही कमान उभी केली, हे तुला ठाऊकच आहे. बसऱ्यात हगवणीने गेलेल्या दोघांची नावे डाव्या खांबावर कोरली आहेत. उजव्या खांबावरचा दगड घासून गुळगुळीत केला आहे, पण कोरा. तो माझ्या लेकाचा, आपल्या मन्मथचा. पंच विचारून थकले, मी नाव घालू दिले नाही. सरकारी कागद 'पत्ता लागत नाही' इतकेच म्हणतो. खेचरे हाकणारे पोर, कुठे वाळवंटात चुकले असेल, कुणाच्या कैदेत असेल. जिवंत माणसाचे नाव रुद्रभूमीच्या दारावर कसे घालू?

आता हसण्यासारखे एक सांगतो. गेल्या आठवड्यात थोरल्या आळीतली साखराबाई लिंगैक्य झाली. आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे तिला मखरात बसवून वाजतगाजत नेले, तर मखराचा कळस कमानीला अडला. आश्रुबा पाथरवटाने माप घेतले ते त्याच्या लोकांच्या आडव्या तिरडीचे! आपण मयताला बसवून नेतो, हे त्याला कुणी सांगितले नाही आणि पंचांपैकी कुणाच्या ध्यानातही आले नाही. शेवटी म्हातारीला निवडुंगाच्या कुंपणातून न्यावे लागले. आता कमान उतरवून एक थर वाढवायचा ठरले आहे.

सून दानम्मा घर नीट सांभाळते. तिचा नमस्कार. दाजींना शरणार्थ. माया आहे तशी राहू द्यावी.

तुझा
वैजिनाथ

॥ श्री ॥

सिरसाळा, मार्गशीर्ष वद्य ११

चि. वैजिनाथास उमाक्काचे अनेक आशीर्वाद. पत्र तुझे दाजी चन्नप्पा लिहितायत, शब्द माझे हायत.

साखराबाईचं वाचून लई हसले. जिवंतपणी ती कुणापुढं वाकली न्हाई, मेल्यावर आश्रुबापुढं कशी वाकंल? (मी म्हणालो, तुझ्या वेळेला दोन थर वाढवावे लागतील. त्यावर लाटणं दाखवलं. — चन्नप्पा)

आता दुसरं ऐक, अन् राग धरू नकोस. मन्मथ माझ्या मांडीवर वाढलेला हाय. त्याच्यासाठी माझं काळीज तुटत न्हाई व्हय? पण तू कोऱ्या दगडाकडं बघत बसतोस, अन् घरातली ती पोर तुझ्याकडं बघत बसते. तिला माहेर उरलं न्हाई. वय तरी काय तिचं? आपल्यात बाईचा दुसऱ्यांदा पाट लागतो, देवानंच वाट ठेवलीया. यांचा पुतण्या सिदू, बायको जाऊन दीड वर्ष झालं, किराण्याचं दुकान हाय, सुपारीचंसुद्धा व्यसन न्हाई. त्यानं आपणहून विचारलं. मी काय सांगू? नवरा हाय म्हणू का न्हाई म्हणू? तू नाव कोरू देत न्हाईस म्हणजे ती ना सवाशीण ना रांडव. तुझी आशा तू तिच्या कपाळावर लावून ठेवलीस, वैजा.

(हे शेवटचं वाक्य गाळू का म्हणून विचारलं. गाळू देईना. — चन्नप्पा)

जिवाला जप. आमची आठवण ठेव.

उमाक्का

॥ श्री वैद्यनाथ प्रसन्न ॥

केज, पौष शुद्ध ६

ति. स्व. उमाक्कास शरणार्थ, वि. वि.

तुझे पत्र वाचून मला फार राग आला. उत्तर द्यायचेच नाही असे ठरवले होते. तू मला स्वार्थी म्हणालीस, असे मनात घोकत होतो.

पण या सोमवारी रुद्रभूमीकडे गेलो तर माझ्या आधी तिथे दानम्मा. कमान उतरवलेली आहे, उजव्या खांबाचा कोरा दगड जमिनीवर ठेवला आहे. तिने त्यावर भस्म लावले, बेलाची पाने वाहिली आणि पदर पुढे घेऊन बसून राहिली. आपल्यात मातीत बसवलेल्या माणसाला भस्म आणि बेल देतात, तसेच. मी कुंपणाआड उभा होतो. तिला दिसलो नाही.

घरी आल्यावर विचारले. आधी म्हणाली, देवाला गेले होते. मग भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता बोलली. मामंजी, मला तर त्यांच्या बरोबरचे लोक माघारी आले तेव्हाच कळून चुकलं. पण तुमी रोज त्यांचं ताट वाढायला सांगता. मी कुंकू पुसलं असतं तर तुमी जेवला नसता.

अक्का, मी समजत होतो की ती वाट बघते म्हणून मला वाट बघायला हवी. आणि ती माझ्यासाठी कपाळ भरत होती! एवढे दिवस ती एकटी रडली असेल, तेही मला ऐकू जाऊ नये म्हणून दाबून.

काय करायचे ते कळते, पण पाय उचलत नाही. तू थोरली आहेस. तूच हुकूम कर.

वैजिनाथ

॥ श्री ॥

सिरसाळा, पौष वद्य १

चि. वैजिनाथास आशीर्वाद.

मी हुकूम करणार न्हाई. मला न्हाई, तिला विचार. सिदूचंबी तिलाच विचार. न्हाई म्हणाली तर ती माझी भाची म्हणून माझ्या घरी ऱ्हाईल, सिदू आपलं दुसरीकडं बघंल. (सिदू दारात उभा राहून ऐकतोय. त्याचं तोंड बघण्यासारखं झालंय. — चन्नप्पा)

उमाक्का

॥ श्री वैद्यनाथ प्रसन्न ॥

केज, माघ शुद्ध ३

ति. स्व. उमाक्कास शरणार्थ, वि. वि.

तिला विचारले. दुपारभर जात्यावर दळत बसली. संध्याकाळी म्हणाली, तुमच्या भाकरीचं काय? मी म्हणालो, मला भाकरी येते. ती म्हणाली, येती, पण करपती. मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, वर्षातून एकदा त्यांच्या नावापाशी येऊ देतील का, तेवढं विचारा. दाजींच्या चिठ्ठीतून सिदूचा होकार आला, मी स्वतः दरसाल गाडी जुंपून आणीन असे त्याने कळवले. हे वाचून ती पहिल्यांदा मोकळी रडली. मीही.

काल आश्रुबाला नाव सांगितले. त्याने छिन्नी लावली तेव्हा मी तिथेच बसून होतो. मन्मथ हे नाव आपल्या आईने ठेवले होते, ते ऐकताना गोड वाटायचे, दगडावर निघायला फार वेळ लागला. क्रियेला आलेल्या स्वामींनी विचारले, देह नाही तर खड्ड्यात काय बसवायचे? त्याचा जुना सदरा मी पेटीत जपून ठेवला होता, तो घडी करून बसवला. त्याचे इष्टलिंग त्याच्या गळ्यात होते, ते जिथे आहे तिथे त्याच्याबरोबर आहे, असे स्वामी म्हणाले. बेल वाहिला, भस्म वाहिले. मग मी मूठभर माती टाकली.

आज सकाळी दानम्माला गाडीत बसवून दिले. चोळीबांगडी मी स्वतः पेठेतून आणली. बापाने लेकीला द्यायची ती. परवा दिवस मावळायच्या आत गाडी सिरसाळ्याला पोचेल. माझी सून म्हणून तिला उतरवून घेऊ नकोस, माझी लेक म्हणून घे.

या घरावर तुमची सावली असू द्यावी, एवढेच मागणे.

तुझा भाऊ
वैजिनाथ